आधी नंबर तुमच्या नावावर, मग फोन

‘ताई, नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातली, सेनगाव तालुक्यातल्या एका गावची. वय ३८, शिक्षण सातवी. आमच्या बचत गटाची मी सचिव आहे. घरात दोन मोठे फोन, एक मालकांकडं अन् एक पोराकडं. माझ्याकडं साधा बटनाचा होता, तो हौदात पडला तवापासून काहीच नाही. लाडक्या बहिणीचा फॉर्म भरताना पुतण्याचा नंबर टाकला, बँकेतबी त्याचाच आहे. पैसे आले की नाही ते तो सांगल तवा कळतं. केवायसीच्या टायमाला त्याच्या मागंमागं फिरावं लागलं. पोरगी अकरावीला आहे. तिच्याकडं जुना फोन होता, त्याच्यावर कुण्या पोराचे मेसेज आले म्हणून मालकांनी तो काढून घेतला. आता म्हणतेत, बाईच्या हातात फोन गेला की घर बिघडतं. मी मजुरीतून आठ हजार बाजूला ठेवलेत. चोरून फोन घेऊ का? घेतला तर मला जमंल का? कायतरी दाबलं अन् खात्यातले पैसे गेले तर? अन् पोरीचं काय करू?’

ताई,

चोरून घेऊ नका. पण परवानगी मागायलाही जाऊ नका. घरात सांगून घ्या. आणि सांगण्याच्या आधी एक काम उरकून ठेवा: तुमच्या स्वतःच्या आधारवर, तुमच्या नावाचं एक सिमकार्ड घ्या आणि तो नंबर बँकेत लावा. आधार तुमचं, खातं तुमचं, पैसे तुमचे. यात कुणाला विचारण्यासारखं काही नाही. फोन येईपर्यंत ते सिम गटातल्या एखाद्या विश्वासातल्या बाईच्या फोनच्या दुसऱ्या खणात चार-आठ दिवस राहिलं तरी चालेल.

तुम्ही विचारलंत फोनचं आणि मी नंबरचं का सांगतेय, ते नीट सांगते, कारण माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे.

गटाच्या बैठकांत मला ज्या बायका भेटतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं काम फोन नसल्यामुळं अडलेलं नसतं. ते अडतं नंबर दुसऱ्याचा असल्यामुळं. तुमचा पुतण्या भला असेल, मी त्याच्यावर शंका घेत नाही. पण उद्या तो पुण्याला कामाला गेला, त्यानं सिम बदललं किंवा रिचार्ज मारला नाही, तर तुमच्या खात्याची वाट बंद. नंबर तीन महिने वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते आणि पुढं भलत्याच माणसाला देते. मग तुमच्या खात्याचे मेसेज, ओटीपी, सगळं त्या अनोळखी माणसाकडं जाणार. आणि पुतण्या गावातच राहिला तरी तुमच्या खात्यात किती आहेत, कधी आले, कधी काढले, हे तुमच्या आधी त्याला कळतं. घरातल्या बाईचा पैसा घरातल्या सगळ्यांना माहीत आणि तिला तेवढा माहीत नाही, ही गोष्ट मला मान्य नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा हे राज्यभर उघडं पडलं. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, वर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी. आपल्या आधारला कुणाचा नंबर आहे हेच ठाऊक नसलेल्या बायका सेवा केंद्रावर चकरा मारत राहिल्या. कुणाचा नंबर भावाचा, कुणाचा फॉर्म भरून देणाऱ्या पोराचा, कुणाचा बंद पडून जमाना झालेला. तुम्ही पुतण्याच्या मागं फिरलात ते त्याच गर्दीतलं.

तेव्हा तीन ठिकाणी नंबर बदला: आधार, बँक आणि योजना.

सिम घेताना दुकानदार आधार घेईल, फोटो काढेल, अंगठा लावायला सांगेल. ‘लागला नाही, परत लावा’ असं म्हणाला तर का ते विचारा. त्या दुसऱ्या अंगठ्यावर भलतंच सिम काढून विकल्याचे प्रकार झालेले आहेत. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं, फोन आला की ते एकदा बघून घ्या. मग पोस्टात किंवा बँकेत चालणाऱ्या आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर जोडा. तिथं बोटांचा घोळ होणार, हे आधीच सांगून ठेवते. कापूस वेचून, खुरपून, भांडी घासून आपल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन अंगठा घेत नाही. मशीनवाला वैतागतो, मागच्या रांगेतले वैतागतात आणि बाई ओशाळून घरी येते. येऊ नका. आधारमध्ये डोळ्याच्या बुबुळांचीही नोंद असते. ‘बोट लागत नसेल तर डोळ्यावर करा’ असं ठणकावून सांगा.

बँकेत पासबुक, आधार आणि एक साधा अर्ज घेऊन जा: माझ्या खात्याला जोडलेला अमुक नंबर काढून हा नंबर लावावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तिथं आणखी एक गोष्ट विचारा, ती फार जणींना माहीत नसते. तुमची दोन-तीन खाती असतील. जनधनचं एक, मजुरीचं एक, जिल्हा बँकेतलं एखादं जुनं. आधारवरून येणारे सरकारी पैसे यांतल्या एकाच खात्यात पडतात, शेवटी ज्याला आधार जोडलं गेलं त्यात. बाई एका बँकेत पासबुक छापून घेऊन ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणत बसते आणि पैसे दुसऱ्या बँकेत पडून असतात. म्हणून ‘माझं आधार कोणत्या बँकेला जोडलंय’ हे काउंटरवर नेमकं याच शब्दांत विचारा. बहुतेक मोठ्या बँकांचा मिस्ड कॉल देऊन शिल्लक कळण्याचा नंबर असतो, तोही तिथूनच लिहून आणा. तो इंटरनेटवर शोधायचा नाही. बँकेचा म्हणून तिथं सापडणारा नंबर कधी कधी ठगाचा असतो.

एवढं झालं की साध्या बटनाच्या फोनवरही पैसे आल्याचा मेसेज तुम्हाला येणार. केनियात २००७ साली एम-पेसा नावाची सेवा सुरू झाली, ती अशाच साध्या फोनवर चालायची. पैसे स्वतःच्या नंबरवर घ्यायचे, ठेवायचे, पाठवायचे. तिच्यावरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की या सेवेमुळं सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं गरिबीतून वर आली आणि १ लाख ८५ हजार बायका नुसत्या पोटापुरत्या शेतीतून निघून धंदा-व्यापाराकडं वळल्या. इंटरनेट नाही, मोठा फोन नाही. पैसा तिच्या नंबरवर होता, एवढंच.

आता मालकांचं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पोरीच्या फोनचं होईपर्यंत ते ‘घर बिघडतं’ असं म्हणत नव्हते. म्हणजे त्यांना धास्ती आहे ती गावाच्या तोंडाची. ती धास्ती खरी आहे, तिला हसून उडवू नका. पण तिच्यापुढं मान टाकण्याचंही कारण नाही. मध्य प्रदेशात रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांचा एक मोठा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं मजुरी घरच्या कर्त्या पुरुषाच्या खात्यात जायची. काही बायकांची ती थेट त्यांच्या स्वतःच्या खात्यात टाकली आणि खातं वापरायचं शिकवलं. त्या बायका बाहेरची कामं जास्त करू लागल्या, हे एक. पण मला त्यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं: पुढं काही वर्षांनी त्यांच्या नवऱ्यांची ‘लोक काय म्हणतील’ ही भीती कमी झालेली दिसली. आणि हा बदल जास्त दिसला तो जिथं बाईच्या कामाला आधी विरोध जास्त होता, तिथंच. खातं हातात आलं आणि घर मोडलं, असं झालं नाही.

सांगताना भांडणाच्या वेळी सांगू नका. जेवणं झाल्यावर, पोरांसमोर नको, दोघंच असताना सांगा. ‘घेऊ का?’ असं म्हटलं की उत्तर ‘नको’ येणार, म्हणून ते विचारूच नका. असं म्हणता येईल: ‘गटाचं सचिवपद माझ्याकडं आहे. नोंदी आता ॲपवर होतेत अन् मला त्या बघता येत नाहीत. उद्या हिशोबात काही निघालं तर सही माझी आहे. म्हणून मी फोन घेतेय, पैसे माझ्याकडं जमलेत.’ हे खोटं नाही. उमेदच्या, म्हणजे सरकारी अभियानातल्या बचत गटांचे व्यवहार आता लोकोस ॲपवर चढवले जातात. गावातल्या गटांना मदत करणारी सीआरपी ताई ते करते, पण सचिवानं ते बघू नये असं कुठं लिहिलेलं नाही. शेतीचंही सांगा. ई-पीक पाहणी २०२१ पासून फोनवरून होते, पिकाचा फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो. शेतात दिवसभर कोण असतं? सोयाबीन खुरपायला, हरभरा काढायला तुम्ही असता. मालक तालुक्याला गेलेले असले तर नोंद अडून राहते.

पहिल्या दिवशी ते गप्प बसतील, दुसऱ्या दिवशी कुरबुर करतील. करू द्या. फोन त्यांच्यापासून लपवू नका, उशाखाली ठेवू नका, घरात सगळ्यांसमोर वापरा. पण त्याचा पासवर्ड आणि पैशाचा पिन तुमचाच. मागितला तर ‘तुमचा मला माहीत नाही, माझा तुम्हाला कशाला’ एवढं शांतपणे म्हणा.

‘चोरून घेऊ नका’ असं वर म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या एखादीच्या घरात असेल. नवरा हात उचलत असेल, फोनवरून मारहाण झाली असेल, तर जिवाची काळजी पहिली. अशा वेळी फोन माहेरी, मैत्रिणीकडं, अंगणवाडीताईकडं, जिथं सुरक्षित असेल तिथं ठेवायला काहीच हरकत नाही. कुणाच्याही फोनवरून १८१ लावता येतो, तो महिलांसाठीच आहे. जीव धोक्यात असेल तर ११२.

‘मला जमंल का’ असं तुम्ही विचारता. सातवी शिकलेली, गटाची वही सांभाळणारी, कर्जाचे हप्ते तोंडपाठ असणारी बाई हे विचारते, याचं मला वाईट वाटतं. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३८ टक्क्यांनीच कधी तरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत तोच आकडा ६१ टक्क्यांच्या वर. जवळपास ४५ टक्के बायकांकडं स्वतः वापरायचा फोनच नव्हता. म्हणजे पुरुषांच्या हातात वस्तू वर्षानुवर्षं आहे आणि आपल्या हातात ती येतच नाही. मग ‘बायकांना जमत नाही’ असं म्हणण्यात काय अर्थ?

आणि जमत नाही तेव्हा दर वेळी दोष आपला नसतो. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत केले होते. फोन सारखे बिघडायचे आणि नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप मराठीत नव्हतं. त्या बाया अडाणी नव्हत्या, वर्षानुवर्षं गावच्या लेकरांची वजनं आणि नोंदी त्यांनीच ठेवलेल्या. त्यांनी दोष स्वतःवर घेतला नाही, फोन परत केले. हे मला फार आवडलं होतं.

बाईला नवं काम जमतं, हे आपल्या मराठवाड्यानं तर पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तुम्हाला लहानपणीचा आठवत असेल. त्यानंतर घरं दुरुस्त करण्याच्या सरकारी कामात लातूर-उस्मानाबादकडच्या महिला मंडळांतल्या बायकांना गावोगाव संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. भूकंपात टिकणारं बांधकाम कसं करायचं, मदतीचा हप्ता बँकेतून कसा घ्यायचा, हे त्या घरोघरी सांगायच्या. त्याआधी त्यांना कुणी गवंड्याच्या कामातलं काही विचारलं होतं का?

शिकायचं कसं, ते सांगते. पोराकडून शिकू नका. पोरगा वाईट नाही, पण त्याला घाई असते. ‘दे इकडं’ म्हणून फोन हातातून घेतो, चार ठिकाणी पटापट बोट फिरवतो, ‘झालं बघ’ म्हणतो. काम झालं, तुम्ही शिकला काहीच नाही. शेजारी बसून बघून भाकरी थापता येत नाही, पीठ हाताला लागावं लागतं. तेव्हा शिकवणाऱ्याला एकच अट घाला: फोन माझ्या हातात राहील, बोट माझं लागेल, तू तोंडानं सांग. ही अट पाळणारी बाई शोधा. सीआरपी असेल, आशाताई असेल, कॉलेजात जाणारी कुणाची सून असेल.

पहिल्या आठवड्यात एक गंमत होईल, तिनं घाबरू नका. आपल्याला बटन जोरात दाबायची सवय. या फोनवर बोट दाबून धरलं की चित्रं हलायला लागतात, नाही तर भलतीच यादी उघडते आणि वाटतं, बिघडला. बिघडलेला नसतो. बोट टेकवायचं आणि लगेच उचलायचं, तव्याला चटका बसल्यासारखं. आणि घट्टे पडलेलं, कोरडं बोट काचेला कळत नाही. पहिल्या बोटाऐवजी करंगळीच्या शेजारचं बोट वापरून बघा, ते मऊ असतं. नाही तर हात धुऊन, पुसून, किंचित ओलसर असताना लावा. बैठकीत एक मावशी ‘माझ्या हाताला हा फोनच घेत नाही’ म्हणून पदराखाली हात घेऊन बसल्या होत्या. बोट बदललं आणि पुढच्या मिनिटाला लेकीला व्हिडिओ कॉल लागला. त्या काय बोलल्या ते राहू द्या, लेक पलीकडून रडायला लागली होती.

लिहायचं टेन्शन घेऊ नका. कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, ते टेकवून बोललं की मराठी आपोआप उमटतं. तुमची बोली त्याला अर्धवट कळेल, सावकाश बोला. व्हॉट्सॲपवर तर नुसता आवाज पाठवता येतो. बैठक संपल्यावर अर्धा तास गटातल्या सगळ्याजणी फोन घेऊन बसा, असा ठराव करा. ठरावाच्या वहीत लिहा. गावागावांत सरकारी संगणक साक्षरतेचे वर्ग झाले, २० तासांचे, घरटी एकाला, प्रमाणपत्रंही मिळाली. पण प्रमाणपत्र घेऊन घरी आलेल्या बाईच्या हातात दुसऱ्या दिवशी फोन नसेल, तर ते २० तास पंधरा दिवसांत विसरले जातात. रोज थोडं वापरणं हाच वर्ग.

पैसे जातील ही भीती चांगली आहे, ती पूर्ण घालवू नका. फक्त कुठं घाबरायचं ते ठरवून घ्या. गाणी ऐकताना, फोटो काढताना, यादी उघडताना भलतं काही दाबलं म्हणून खात्यातून पैसे जात नाहीत. पैसे जातात ते पिन टाकला, ओटीपी सांगितला किंवा कुणी पाठवलेली फाइल फोनमध्ये बसवली की. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना आणि शिल्लक बघताना लागतो. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘तुमचे लाडकी बहिणीचे पैसे अडकलेत, पिन टाका म्हणजे सुटतील’ असं म्हणणारा चोरच. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके असं असतं. ती उघडून बसवली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो, मग पत्रिका ओळखीच्या नंबरवरून आलेली का असेना. ज्याच्याकडं लग्न आहे त्याला फोन करून विचारा, लग्नघरी विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

तरी फसगत झालीच, तर रडत बसू नका, मालक ओरडतील म्हणून लपवूही नका. त्याच मिनिटाला १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावा आणि बँकेला कळवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढं सरकायच्या आत गोठवता आले तर वाचतात. इथं बायका वेळ घालवतात तो भीतीपायी, घरात काय सांगू या विचारात.

आणि एक चोरी मोठ्या फोनशिवायही होते. अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्याकडं जाता ना? अंगठा लागला, पण ‘सर्व्हर नाही’ म्हणून पैसे दिले नाहीत, परत लावायला सांगितला, असं झालं तर तिथून हलू नका. पावती मागा. तुमचा नंबर बँकेत लागलेला असेल तर पैसे कटल्याचा मेसेज तिथल्या तिथं तुमच्या हातात येईल. म्हणून मी सुरुवातीपासून नंबर नंबर करतेय.

आता पोरीचं. यावर मी जरा कडक बोलणार आहे.

मेसेज पोरानं पाठवला आणि फोन पोरीचा गेला. यातून ती काय शिकली? पुढच्या वेळी कुणी त्रास दिला तर घरात सांगायचं नाही. पुढची वेळ येणारच, कॉलेजच्या रस्त्यावर येईल, शहरात येईल. तेव्हा तिनं पहिली हाक तुम्हाला मारावी असं वाटत असेल, तर आजच तिला जवळ घेऊन सांगा: ‘तुला कुणाचा काही मेसेज आला अन् तू मला सांगितलंस, तर तुझा फोन जाणार नाही.’ आणि हा शब्द पाळा. तो पोरगा नको म्हटल्यावरही मागं लागत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो पाठलागाचा गुन्हा आहे, फोनवरून मागं लागणंही त्यात येतं. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग नंबर ब्लॉक करा. फोटोचा गैरवापर झाला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरून तक्रार करता येते.

मला खरी भीती पुढची वाटते. आपल्याकडं हे असंच सुरू होतं: आधी फोन जातो, मग ‘रोज एवढ्या लांब कशाला’ म्हणून कॉलेज जातं, मग एखादं स्थळ येतं. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्क्यांची लग्नं १८ वर्षांच्या आत झालेली निघाली, बीडमध्ये जवळपास ४४ टक्के. ही आपली शेजारची घरं आहेत. तुमच्या पोरीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, पुढं सीईटीचा फॉर्म, निकाल, सगळं फोनवर. फोन काढून घेणं हे तिचं शिक्षण अर्धं काढून घेणं आहे. मालकांना हे हिशोब मांडून सांगा. घरात स्थळाची बोलणी सुरू झालीच, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पोरीला पाठ असू द्या.

फोनला वेळेचं बंधन घालायचं असेल तर जरूर घाला, पण पोराला आणि पोरीला एकच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावातले टीव्ही, फोन बंद राहतात. लहानथोर, बाईमाणूस, सगळ्यांचे. तुमच्या घरातही जेवताना चारही फोन एका कोनाड्यात राहिले, मालकांचासुद्धा, तर पोरीला ती शिक्षा वाटणार नाही.

राहिली खरेदी. आठ हजारांत कामापुरता फोन येतो, कर्ज काढून मोठा घेऊ नका. एकटीनं जाऊ नका, गटातली एक बाई सोबत घ्या, पोरीलाही न्या. तुमच्या घरात आणि शेतात कोणत्या कंपनीची रेंज येते ते शेजारी विचारून मगच सिम ठरवा, नाही तर नंबर असून ओटीपी गच्चीवर जाऊन घ्यावा लागेल. महिन्याच्या रिचार्जचा खर्च जड जात असेल तर फक्त बोलणं आणि मेसेजचा, इंटरनेट नसलेला पॅक मागा. तो जानेवारी २०२५ पासून कंपन्यांकडं आहे, दुकानदार आपणहून सांगत नाही. दुकानातच फोनची भाषा मराठी करून घ्या, अक्षर मोठं करून घ्या, आवाज ऐकून बघा. खोक्यावर १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर असतो, तो गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. फोन हरवला तर त्यावरून तो बंद करता येतो. आणि बिल बनवताना दुकानदार सवयीनं विचारेल, ‘नाव काय टाकू, मालकांचं?’ तेव्हा तुमचं नाव सांगा.